तीन राखणदार

"लागला खडक," आबा म्हणाले आणि पहार बाजूला टाकून तिथंच उकिडवे बसले.

तंबूच्या मागं सकाळपासून त्यांनी जागा बदलून बदलून खड्डे घेतले होते. सगळीकडे तेच. वीतभर मुरूम आणि खाली काळा कातळ. कोळदऱ्याच्या डोंगरावर भैरोबाची यात्रा भरते, आणि त्या डोंगरावर माती अशी नव्हतीच. पाण्याचा टँकर खाली पायथ्याशी उभा होता.

"आज पडदा उघडायचा न्हाई," आबा म्हणाले.

माझा नवरा रंगनाथ तंबूच्या दाराशी कर्णा बांधत होता. तो तिथूनच हसला. "आबा, यात्रेचा मुख्य दिवस हाय. डोंगर माणसांनी फुललाय. पडदा नाही उघडायचा तर इथवर कशाला आलो?"

"पट्टी पुरली जात न्हाई. पट्टी न्हाई तर राखणदार काय कामाचे? ट्रान्सफॉर्मर जाईल."

"तुमचा तो ट्रान्सफॉर्मर!" रंगनाथ म्हणाला आणि माझ्याकडे बघून त्यानं डोळे फिरवले. मीही हसले.

त्या वेळी मी बावीस वर्षांची असेन. लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं. माहेर मिरजेचं, वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, त्यामुळं फिरत्या माणसांचं मला वावडं नव्हतं. सासरचा खेळ होता 'वीजकन्या'. तंबूवर माझं मोठं चित्र होतं: चंदेरी झगा, मोकळे केस आणि दहाही बोटांतून निघणाऱ्या निळ्या विजा. चित्रातली बाई माझ्यापेक्षा बरीच गोरी होती, पण विजा मात्र खऱ्या होत्या.

मशीन आबांनी बनवलेलं. तरुणपणी ते कोल्हापुरात दुकानांच्या निऑनच्या पाट्या करायचे, तिथून त्यांनी पाटीचा मोठा ट्रान्सफॉर्मर आणला होता. तो जनरेटरची साधी वीज घेऊन तिची हजारो व्होल्टची करायचा. ती वीज मिठाच्या पाण्यानं भरलेल्या काचेच्या बाटल्यांत साठायची आणि बाटल्या भरल्या की तांब्याच्या दोन तुकड्यांमधल्या फटीतून कडाडून उडी मारायची. अशा उड्या इतक्या भराभर व्हायच्या की कानाला एकच सलग तडतड ऐकू यायची. शेजारी माणसाएवढी उंच नळी होती, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली आणि वर पितळेची कळशी पालथी घातलेली. त्या तारेत जी वीज तयार व्हायची ती माझ्या अंगावरून जायची, बोटांतून बाहेर पडायची, हातातली ट्यूब तारेशिवाय पेटवायची, आणि मला काहीच व्हायचं नाही. टोचायचंसुद्धा नाही. फक्त मानेवरचे केस उभे राहायचे. मी चिनी मातीच्या पायांच्या चौरंगावर उभी असायची, आणि समोरचा सगळा तंबू श्वास रोखून माझ्याकडे बघत असायचा. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

पण फटीतली प्रत्येक उडी ट्रान्सफॉर्मरला उलटा धक्का द्यायची. आतली तार जळायची, एकदा ट्रान्सफॉर्मर तडकला की संपला. म्हणून आबांनी त्याच्या तोंडाशी लिंबाएवढे तीन पितळी गोळे बसवले होते. कडेचे दोन ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांना जोडलेले, मधला जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पट्टीला. धक्का प्रमाणाबाहेर गेला की ठिणगी त्या गोळ्यांवर उडायची आणि सरळ जमिनीत जायची. आबा त्यांना राखणदार म्हणायचे. गोळ्यांमधलं अंतर ते स्वतःच्या हातानं ठेवायचे, जुना पोस्टकार्डांचा जुडगा मध्ये घालून मापायचे, आणि खेळ सुरू होण्याआधी दर वेळी येऊन पुन्हा बघायचे.

रंगनाथला त्यांचा राग यायचा. वीज लांब उडवायची तर मुख्य फट वाढवावी लागे, आणि ती वाढवली की राखणदार फटाफट वाजायला लागत, आणि माझ्या बोटांतल्या विजा आखूड होत. "म्हाताऱ्यानं आपल्या खेळाला लगाम घातलाय," तो म्हणायचा. मग आबांची पाठ वळली की तो गोळे जरा लांब करायचा. आबा आले की परत जवळ. घरात दुसरं भांडणच नव्हतं.

मला आबांचा वेगळाच राग होता. ते माझ्याशी कामापुरतं बोलत. जेवलीस का, बरं आहे का, असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. ट्रान्सफॉर्मरला मात्र ते थंडीत घोंगडी गुंडाळायचे. गाडीत तो त्यांच्या मांडीला लागून असायचा. एकदा मला ताप होता, तर ते रंगनाथला म्हणाले, "आज खेळ नको, हवेत दमटपणा हाय, ट्रान्सफॉर्मरला बरं न्हाई." माझ्या तापाचं नावही काढलं नाही. मी उशीत तोंड खुपसून रडले होते, की या माणसाला सुनेपेक्षा एक डांबर भरलेला डबा मोलाचा वाटतो.

तर त्या दिवशी आबा उठले. "मी खाली जाऊन पाणी आणतो. मीठ हाय. खड्ड्यात मीठ-पाणी मुरवलं तर पट्टी थोडी तरी धरंल. मी येईस्तोवर खटका दाबायचा न्हाई. ऐकलंस का रंगा?"

"ऐकलं."

"इंदू, तू पण ऐक. मी येईस्तोवर चौरंगावर चढायचं न्हाई."

मी मान हलवली. ते दोन बादल्या घेऊन डोंगर उतरायला लागले. सत्तरीकडं झुकलेला माणूस, डोक्यावर चैत्राचं ऊन. मला वाटलं, बघा, एका डब्यासाठी.

आबा वळणाआड गेले आणि थोड्याच वेळात तंबू भरला. देवदर्शन करून उतरणाऱ्या बायका, पोरं, गुलालानं लाल झालेले म्हातारे. बाहेर अजून रांग. बाबालाल, आमचा जनरेटरवाला, दारावर तिकिटंही बघायचा. तो आत येऊन म्हणाला, "रंगाभाऊ, माणसं ओरडायला लागलीत. काय करू?"

"जनरेटर चालू कर."

"आबा आले नाहीत."

"येतील की. तू चालू कर."

मी म्हणाले, "अहो, थांबू या का थोडं?"

"इंदू, ही माणसं थांबणार नाहीत. शेजारच्या मौत का कुव्यात जातील. चल, झगा घाल."

मी झगा घातला. पडद्यामागं येऊन चौरंगावर चढले. तेव्हा रंगनाथ स्क्रू फिरवून पितळी गोळे लांब करत होता. नेहमीपेक्षा बरेच लांब. मला ते दिसलं, पण त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आज मुख्य दिवस, आज विजा लांब हव्यात, एवढंच मनात आलं. त्यानं कळशीची तार माझ्या हातातल्या पितळी कड्याला अडकवली, गालाला बोट लावून म्हणाला, "आज सगळ्या यात्रेला येड लावू," आणि माईक घेऊन पडद्याबाहेर गेला.

पडदा वर गेला. रंगनाथनं खटका दाबला. तडतड सुरू झाली आणि माझ्या बोटांतून अशा विजा निघाल्या की मी स्वतःच दचकले. हातभर लांब, फाटे फुटलेल्या, जांभळ्या. पुढच्या रांगेतली पोरं किंचाळली. म्हाताऱ्यांनी हात जोडले. एक बाई तर खाली वाकून जमिनीला डोकं टेकवत होती.

"मायबाप रसिकहो!" रंगनाथचा आवाज कर्ण्यातून घुमला. "ही स्वर्गातली वीज हाय, पण वीजकन्येच्या हाती ती माणसाळलीय! हिचा प्रसाद कुणाला पाहिजे? या, पुढं या, घाबरू नका!"

हा खेळाचा नेहमीचा भाग. प्रेक्षकांतून कुणाला तरी वर बोलवायचं, त्यानं बोट पुढं करायचं, मी माझं बोट जवळ न्यायचं. एक बारीकशी ठिणगी, हलकीशी गुदगुली, आणि टाळ्या. त्या दिवशी हिरव्या नऊवारीतली एक बाई पुढं आली. कडेवर लहान मूल होतं. ते तिनं खाली सोडलं, पदर खोचला आणि लाजत लाजत पायरी चढली.

त्याच वेळी मला पायांत मुंग्या जाणवल्या.

तसं कधीच व्हायचं नाही. मी खाली पाहिलं. मग मशीनचा आवाज बदलला. तडतड बसली आणि खालून घूंऽऽ असा जाड आवाज यायला लागला. डांबर जळाल्याचा वास आला. आणि माझ्या बोटांतल्या विजा... त्या आता जांभळ्या नव्हत्या. एका बोटाच्या टोकाशी पिवळी, जाड, आळसट ज्वाळ लोंबत होती, मेणबत्तीसारखी. मला वाटलं मशीन दमलं. मी रंगनाथकडं पाहिलं. तो माझ्याकडं बघतच नव्हता, लोकांकडं बघून हात हलवत होता. हिरव्या नऊवारीतल्या बाईनं बोट पुढं केलं. मी हसून तिच्याकडं वाकायला लागले.

"इंदूऽऽ!"

आबांचा आवाज इतका मोठा निघू शकतो हे मला माहीत नव्हतं. ते तंबूच्या मागच्या कनातीतून आत आले होते. दोन्ही बादल्या हातातून सुटल्या होत्या, पाणी सगळीकडं वाहत होतं.

"हात लावू नको! कुणाला हात लावू नको! उतरू नको! हाय तशी उभी ऱ्हा!"

मी गोठले. त्या बाईचं बोट माझ्या बोटापासून हातभर लांब असेल. ती हसतच होती. तिला तो खेळाचाच भाग वाटला.

"रंगा, खटका पाड! पाड खटका!"

रंगनाथच्या एका हातात माईक होता, दुसरा हात खटक्यापाशी. त्यानं बापाकडं पाहिलं, समोरच्या गर्दीकडं पाहिलं. आणि माईकमध्ये म्हणाला, "घाबरू नका मंडळी, आमचे आबा जरा..." असं म्हणून त्यानं डोक्याजवळ बोट फिरवलं. लोक हसले.

आबांनी पुन्हा काही म्हटलं नाही. ते मागं वळले, खड्ड्याशी पडलेली पहार त्यांनी उचलली आणि दोन पावलं धावत येऊन ती मशीनवर फेकली. ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांवर ती आडवी जाऊन पडली. डोळे दिपवणारा लखलखाट झाला, बाटल्या फुटल्या, मिठाचं पाणी चौरंगाच्या पायांपर्यंत वाहत आलं. आणि सगळं शांत झालं. बोटावरची पिवळी ज्वाळ विझली. मागं बाबालालनं जनरेटर बंद केला.

रंगनाथ ओरडला, "आबा! ट्रान्सफॉर्मर! ट्रान्सफॉर्मर घालवलात!"

त्याचा पहिला शब्द तो होता. तो धावला तोही मशीनकडं.

हिरव्या नऊवारीतल्या बाईला कुणीतरी खाली नेलं. तिचं मूल रडत होतं. लोक ओरडत होते, आपापसात बोलत होते. आबा माझ्याजवळ आले. त्यांच्या चेहऱ्यावर रक्तच नव्हतं. लाकडी काठीनं त्यांनी माझ्या कड्यातली तार काढून टाकली, मग हात पुढं केला. वर्षभरात त्यांनी पहिल्यांदा माझा हात धरला.

"उतर, पोरी."

तंबूच्या मागं खड्ड्याशी आम्ही बसलो. आबांनी बिडी काढली आणि न पेटवताच हातात धरून बसले. मला अजून कळलंच नव्हतं काय झालं. मला वाटलं, त्यांना ट्रान्सफॉर्मरचं दुःख झालंय. मी म्हणाले, "आबा, दुसरा आहे ना आपल्याकडं. जाऊ द्या."

त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं.

"ती पिवळी ज्वाळ बघितलीस?"

"हो."

"ती आपल्या खेळातली वीज न्हाई. ती ट्रान्सफॉर्मरची. आत काहीतरी फुटलं आणि ती नळीवर चढली. पट्टी जमिनीत असती तर ती जमिनीत गेली असती, राखणदार जवळ असते तर आधीच वाजले असते. आज दोन्ही न्हाई. ती तुझ्या अंगात येऊन उभी होती. तू चौरंगावर होतीस, जमिनीला लागलेली नव्हतीस, म्हणून जिवंत होतीस. त्या बाईला बोट लागलं असतं, तर तू बी गेली असतीस आणि ती बी."

मी माझ्या बोटाकडं पाहिलं. काहीच झालेलं नव्हतं त्याला. साधं बोट.

"तुम्हाला नुसत्या रंगावरून कसं कळलं?" मी विचारलं.

आबांनी पायानं थोडा मुरूम खड्ड्यात लोटला. मग खड्ड्याकडं बघत म्हणाले, "तुझी सासू काविळीनं गेली न्हाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. लग्न ठरताना आम्हाला कावीळच सांगितली होती.

"तानूबाई चौरंगावर उभी व्हती. असाच खडकाळ गाव. तवा राखणदार नव्हते, मला त्याची अक्कल नव्हती. पिवळी ज्वाळ आली, मला वाटलं, वा, आज नवा रंग आला. ती हसत व्हती. मग तिचा तोल गेला का काय, तिनं तंबूच्या लोखंडी खांबाला हात लावला. लोक टाळ्या वाजवत व्हते. त्यांना वाटलं, खेळच हाय."

"कोणता चौरंग?" मी विचारलं. तेच का विचारलं कोण जाणे.

"ह्योच."

रोज सकाळी ओल्या फडक्यानं मी तो चौरंग पुसायची. त्याच्या एका कोपऱ्यावर काळा डाग होता. मी तो घासायची, निघायचा नाही. मी बाजूला जाऊन ओकले. आबा तसेच बसून होते.

परत आल्यावर मी विचारलं, "यांना माहीत आहे?"

"रंगाला? तो पडदा धरून उभा व्हता. सहावीत व्हता. सगळं बघितलं त्यानं."

ऊन तसंच होतं, खालून ढोल-ताशाचा आवाज येत होता, शेजारी पाळणा फिरत होता, पोरं ओरडत होती. मला वाटलं, हे सगळं आत्ता थांबायला पाहिजे. कसं चालू राहू शकतं हे?

"मग मला का चढवलंत?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "एवढं माहीत असून?"

"मी पंधरा-सोळा वर्सं मशीन उघडलं नव्हतं. रंगानं उघडलं. मी म्हणलं, नको. तो म्हणाला, तुम्ही म्हातारे झालात. मग मी म्हणलं, निदान राखणदार तरी बसवतो. ते न काढायच्या अटीवर गप बसलो."

"तुम्ही कायम ट्रान्सफॉर्मर जाईल, ट्रान्सफॉर्मर जाईल असंच म्हणायचात. इंदू मरेल, असं एकदाही म्हणाला नाहीत."

"ट्रान्सफॉर्मर जाईल म्हणलं की तो ऐकायचा, पोरी." आबा म्हणाले. "थोडं तरी ऐकायचा. तू मरशील म्हणलं असतं, तर 'काय होत न्हाई' म्हणाला असता. मी म्हणून बघितलं व्हतं. लग्नाच्या आधी."

तापाचा तो दिवस मला आठवला. दमट हवा. ट्रान्सफॉर्मरला बरं नाही. मी त्या म्हाताऱ्याकडं बघत राहिले आणि मला काय वाटावं तेच कळेना. आणि मग एक गोष्ट लक्षात आली, ती सगळ्यात वाईट होती.

"त्याला सांगून उपयोग नव्हता," मी म्हणाले. "पण मला? मला का नाही सांगितलंत?"

ते न पेटवलेली बिडी बोटांत फिरवायला लागले.

"सांगितलं असतं तर मी चढले नसते. म्हणून ना?"

आबांनी मान खाली घातली. खालीच ठेवली. त्यांनी नाही म्हणावं म्हणून मी किती वेळ वाट बघितली असेल, सांगता येत नाही. ते नाही म्हणाले नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगते. त्याच यात्रेतून मी मिरजेला बहिणीकडं गेले ती गेलेच. पुढं बालवाडीत लागले, तिथंच निवृत्त झाले. आबा महिनाभरानं हातात पिशवी घेऊन दारात उभे राहिले. त्यांना आत घ्यावं की नाही हे मला तेव्हाही ठरवता आलं नव्हतं, पण घेतलं. शेवटपर्यंत माझ्याकडंच होते. आम्ही त्या दिवसाबद्दल पुन्हा बोललो नाही. रंगनाथनं पुढं रसवंतीचं यंत्र घेतलं, दुसरं लग्न केलं, असं ऐकलं. मशीनचं काय झालं मला माहीत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशीची संध्याकाळ सांगायची राहिलीय.

दिवस कलला तसा मी तंबूत गेले. रंगनाथनं पडदा पाडून ठेवला होता आणि तो एकटाच काम करत होता. गाडीतला दुसरा ट्रान्सफॉर्मर त्यानं जोडला होता, नव्या बाटल्या भरल्या होत्या. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता. मला बघून तो उभा राहिला.

"बरी हायस ना? म्हाताऱ्यानं उगाच घाबरवलं तुला. बघ, सगळं नीट केलंय. बाबालालनं टँकरच वर आणायला लावला. खड्ड्यात मीठ-पाणी मुरवलंय, पट्टी पाक भिजलीय."

बाहेर माणसं जमायला लागली होती. दुपारच्या प्रकारानं बोभाटा झाला होता, त्यामुळं जास्तच.

"तुम्हाला सासूबाईंचं माहीत होतं," मी म्हणाले.

त्याच्या हातातला पाना थांबला. "आबांनी सांगितलं?"

"तुम्ही तिथं होतात."

"ते वेगळं होतं, इंदू. तवा मशीन कच्चं होतं. राखणदार नव्हते. आता राखणदार हायत."

"आज दुपारी होते?"

तो हसायचा प्रयत्न करत होता. "फट जरा जास्त झाली. मान्य. ये, तुझ्यासमोर कमी करतो." त्यानं पोस्टकार्डांचा जुडगा घेतला, आबा करायचे तसाच गोळ्यांमध्ये घातला, स्क्रू आवळला. खरोखरच नीट केलं. मी वाकून बघितलं. आबांनी ठेवलं असतं तसंच अंतर होतं. "झालं समाधान? आता काडीचा धोका नाही."

"नक्की?"

"नक्की. आईची शपथ."

हे बोलताना त्याचा चेहरा साधा होता. आपण काय बोललो हे त्याला कळलंसुद्धा नाही. दुपारपासून माझ्या अंगात जो काही कंप भरला होता, तो त्या क्षणी थांबला.

"झगा घाल लवकर," तो म्हणाला. "माणसं खोळंबलीत."

"घालते," मी म्हणाले. मी त्याच्या टेबलापाशी गेले आणि खटक्यावर हात ठेवला. "त्याआधी एकदा तू चढ."

लग्नानंतर मी त्याला पहिल्यांदा तू म्हणाले. त्यालाही ते लागलं.

"मी? मला बघायला लोक येत्यात का?"

"लोकांसाठी नाही. पडदा पडलेलाच आहे. फक्त माझ्यासाठी चढ. कडं हातात घे, तार मी अडकवते. खटका मी दाबते. मग मी झगा घालते आणि तू म्हणशील तितके खेळ करते."

"काहीतरीच काय, इंदू."

"धोका नाही ना?"

"नाही म्हटलं ना एकदा."

"मग चढ."

तो चौरंगाजवळ गेला. एक पाय वर ठेवला. त्याची नजर त्या कोपऱ्यावरच्या काळ्या डागावर गेली, आणि मला कळलं की तो डाग त्यानं कधीच विसरलेला नव्हता. वर्षभर मी तिथं उभी राहत होते तेव्हाही नाही. चौरंगाच्या कडेवरचा हात त्यानं काढून घेतला, पँटला पुसला. मग पाय खाली घेतला.

तो माझ्याकडं बघेना. बाहेर लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला होता. "वी-ज-क-न्या, वी-ज-क-न्या." त्यानं माईक उचलला, पडदा बाजूला सारला आणि बाहेर गेला.

"मायबाप रसिकहो," कर्ण्यातून त्याचा आवाज आला, "आमचं मशीन बिघडल्यामुळं आजचा खेळ होऊ शकत नाही."

खटक्यावर माझा हात तसाच होता. मशीनला काहीही झालेलं नव्हतं.